तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या शेव्ही ३५० ला कोणता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स?

अमेरिकेत जुनी गाडी हौसेनं सांभाळणारी मराठी मंडळी हमखास विचारतात: गाडी १९७० च्या आसपासची, इंजिन शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक ३५० (३५० क्युबिक इंचाचं छोट्या बांध्याचं व्ही-८), दोन गिअरचा पॉवरग्लाइड काढायचाय, त्या जागी काय बसेल? बसतात बरेच. पण चांगला कुठला चालेल, हे इंजिनापेक्षा मागच्या ॲक्सलवर ठरतं. तेव्हा आधी ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) बघा, गिअरबॉक्सचं नाव नंतर.

हिशोब सोपा आहे. टायर २६ इंची आणि वेग ताशी ६५ मैल असेल, तर ८४० ला ॲक्सलच्या रेशोनं गुणा, की थेट टॉप गिअरमधला (रेशो १) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, आला (कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाची, घसरण वेगळी). ३.७३ चा ॲक्सल असेल तर साधारण ३१३० येतो. हायवेवर कान किटतात आणि पेट्रोलही तसंच जातं. तिथे ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा चौथा गिअर) आरपीएम २१९० वर आणतो, म्हणजे पैसे वसूल. पण ॲक्सल २.७३ चा असेल तर मुळातच २२९० आहे. ओव्हरड्राइव्ह टाकलात की १६०० वर येऊन इंजिन ओढत बसेल, त्यातून कॅम जरा 'हॉट', म्हणजे वरच्या आरपीएमला ताकद देणारा, असेल तर विचारूच नका. अशा गाडीत टर्बो ३५० (हे गिअरबॉक्सचं नाव, टर्बोचार्जर नव्हे) लावा आणि उरलेल्या पैशांत ब्रेक करून घ्या.

टर्बो ३५० हा १९६९ पासूनचा तीन गिअरचा साधा, मजबूत डबा. रेशो २.५२, १.५२ आणि १. कॉम्प्युटर नाही, फक्त एक किकडाउन केबल (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणारी) आणि व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर गिअर कधी पडायचा ते ठरवणारी डबी). एक्झॉस्टमधून पांढरा धूर यायला लागला आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी व्हायला लागलं, तर इंजिनाच्या रिंगांना दोष देण्याआधी मॉड्युलेटरची नळी काढून बघा. आत लाल ऑइल दिसलं तर मॉड्युलेटरमधला पडदा फाटलाय आणि इंजिन ते ऑइल पितंय. टर्बो ४०० जास्त दणकट, पण जड आहे आणि स्वतःच बरीच ताकद खातो. बिग ब्लॉकला (शेव्हीच्या मोठ्या व्ही-८ ला) ठीक, साध्या ३५० ला उगाच.

ओव्हरड्राइव्ह हवाच असेल तर खरी निवड दोघांत. १९८२ चा ७००-आर-४ सगळीकडे मिळतो, पण अगदी सुरुवातीचे टाळा. १९८७ नंतरचा मिळाला तर बरा. पहिला गिअर ३.०६, दुसरा एकदम १.६३. सिग्नलवरून गाडी झेपावते, पण दुसरा पडला की मधली दरी जाणवते. शिवाय तो टर्बो ३५० पेक्षा सुमारे तीन इंच लांब. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट तेवढा कापून बॅलन्स करून घ्यायचा आणि क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ती आडवी पट्टी) दोनेक इंच मागे न्यायचा. २००-४-आर मात्र आखूड शेपटीच्या टर्बो ३५० एवढाच लांब. योकही (प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) तोच चालतो, फक्त क्रॉसमेंबर टर्बो ४०० च्या जागी सरकवायचा. रेशो २.७४, १.५७, १ आणि ०.६७. ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये हाच होता. आमचा कौल याला, फक्त जाणत्या माणसाकडून बांधून घेतलेला असावा.

दोन्ही ओव्हरड्राइव्ह डबे मरतात ते मुख्यतः एकाच कारणानं: थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, ज्याला सगळे टीव्ही केबल म्हणतात. ती नुसती किकडाउनची केबल नाही. आतल्या ऑइलचं प्रेशर तीच ठरवते. कार्ब्युरेटर जीएमचा क्वाड्राजेट असेल तर लिव्हरची भूमिती जुळलेली असते. होली किंवा एडेलब्रॉक कंपनीचा असेल तर करेक्टर ब्रॅकेट लागतोच. केबलच्या ॲडजस्टरवरचं बटण दाबा, सरकता तुकडा फायरवॉलकडे पूर्ण मागे ढकला, बटण सोडा आणि मग थ्रॉटल हातानं पूर्ण उघडा. टकटक करत तो सरकता तुकडा स्वतः जागेवर येतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की केबलही पूर्ण ताणलेली हवी. गिअर लवकर आणि लोण्यासारखे मऊ पडत असतील तर खूश होऊ नका. प्रेशर कमी आहे, क्लच घसरताहेत. तशीच गाडी घरापर्यंत नेलीत तरी ३-४ क्लच जळू शकतो. आधी प्रेशर गेज लावा.

आता जोडणी. ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि पॉन्टिॲकच्या व्ही-८ चे बोल्ट वेगळे, त्यामुळे त्यांचा टर्बो ३५० शेव्हीला लागत नाही. स्वस्त मिळाला म्हणून उचलून आणू नका. २००-४-आर च्या बऱ्याच डब्यांवर दोन्ही पॅटर्न असतात. क्रँककडे बघा: १९८५ पर्यंत फ्लेक्सप्लेटच्या (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणाऱ्या दातेरी चकतीच्या) बोल्टांचं वर्तुळ ३.५८ इंच, १९८६ पासून ३ इंच, आणि नव्याच्या प्लेटवर वजन लावलेलं असतं. ४०० क्युबिक इंचाच्या स्मॉल ब्लॉकची प्लेट तिसरीच. प्लेटचे दाते १५३ की १६८, यावर स्टार्टर ठरतो.

कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओता आणि तो फिरवत फिरवत आत ढकला. तीन वेळा 'धप' करून बसला पाहिजे. डबा इंजिनाला हातानं पूर्ण टेकला पाहिजे. फट राहिली तर बोल्ट आवळून ओढू नका, पंप फुटतो. बोल्ट आवळल्यावरही कन्व्हर्टर मोकळा फिरावा आणि तो नि फ्लेक्सप्लेट यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर अंतर असावं.

ओव्हरड्राइव्ह डब्यात लॉकअपची (घसरण थांबवायला कन्व्हर्टर घट्ट जोडणाऱ्या क्लचची) वायर 'नंतर बघू' म्हणून सोडू नका. लॉक न होता चौथ्या गिअरमध्ये धावलेला कन्व्हर्टर ऑइल तापवतो. १२ व्होल्ट, ब्रेक स्विच आणि व्हॅक्यूम स्विच एवढ्यात काम होतं. रेडिएटरपुढे वेगळा कूलरही लावा.

ऑइल डेक्सरॉन (जीएमचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल). आधी चार-पाच क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर) भरा, इंजिन सुरू करून लगेच आणखी घाला, लीव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा. कन्व्हर्टर रिकामा असेल तर एकूण दहा-अकरा क्वार्ट जातात. पातळी गरम असताना, सपाट जागी, लीव्हर 'पार्क'वर ठेवून बघायची. ५०० मैलांनी पॅन उतरवा: तळाशी बारीक करडी भुकटी चालते, पितळेचे कण किंवा काळे तुकडे दिसले तर डबा पुन्हा खोला.