कॅल्शियमची गोळी आणि बोर्डाची परीक्षा

दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी दहावीतल्या चिरंजीवांना कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्यात. हाडांसाठी नाही, बोर्डासाठी! ‘ताई, तुम्हीच म्हणालात ना, मेंदूला कॅल्शियम लागतं?’ म्हणाले होते खरं. पण त्यांचं दूध उतू जात होतं, पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत.

तर पुढचं असं. चेतापेशी कॅल्शियम साठवून ठेवण्यापेक्षा बाहेर उपसण्यातच जास्त खपते. बाहेर जितकं असतं, त्याच्या साधारण दहा हजारावा भाग आत मोकळा. म्हणूनच संदेश आला, क्षणभर दारं उघडली आणि जरासं आत शिरलं, तरी लगेच कळतं. रक्तातलं प्रमाण पॅराथायरॉइड ग्रंथी, हाडं, मूत्रपिंडं काटेकोर सांभाळतात. धडधाकट पोराच्या मेंदूत गोळीने काय फरक पडणार?

कळतं ते प्रथिनांना. कॅल्मोड्युलिन घ्या. १४८ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन, कॅल्शियम धरायला चार जागा. जागा कशी, ते मी पोराला उजव्या हाताने दाखवलं: तर्जनी ताठ, अंगठा तिला काटकोनात, मधलं बोट दुमडलेलं. त्या दुमडलेल्या बोटाच्या वळशात कॅल्शियम बसतं. हातासारखा हा आकार, म्हणजे ‘ईएफ हँड’, शास्त्रज्ञ क्रेट्सिंगर यांनी १९७३ मध्ये कार्प माशाच्या स्नायूंतल्या प्रथिनावरून मांडला. आपला रोहू त्याच कुळातला, हे सीकेपी घरात सांगायला भारीच हुरूप येतो.

दोन चेतापेशींच्या सांध्यावर सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रथिन असतं. कॅल्शियम चिकटताच मिलिसेकंदाच्या आत ते संदेश पुढे नेणारं रसायन बाहेर सोडायला लावतं. २०१३ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्या स्यूडहॉफ यांचं हे काम.

पण माझं लाडकं कॅमकायनेज-दोन. बारा घटकांचं हे विकर कॅल्शियम धरलेल्या कॅल्मोड्युलिनमुळे जागं होतं, आणि मग त्यातले शेजारी घटक एकमेकांना फॉस्फेट चिकटवतात. कॅल्शियम ओसरलं तरी ते काही काळ जागंच राहतं. उंदरांमध्ये फॉस्फेट चिकटायची ती एकच जागा, २८६ वं अमिनो आम्ल थ्रिओनिन, बदलली, तर पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे त्यांना धड शिकताच येत नाही.

‘मग ते झोपतं कधी?’ पोराने विचारलं. वहिनींपेक्षा हुशार निघाला. फॉस्फेटेज नावाची विकरं तो फॉस्फेट काढून टाकतात, तेव्हा.