‘अन्’ ते ‘हायपो’

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्याच एकीतून मी आले. चौथीपर्यंत सगळे मराठीतून. पाचवीत, आज सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या या हायस्कुलात पाऊल टाकले आणि विज्ञान, भूगोल, गणित सगळेच इंग्रजीत! घरी तर कोकणी. नुसत्या पाठांतरावर कुठवर निभावणार?

आम्हांला तारले ते इंग्रजीच्या सरांनी. ते पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या सरकारी माध्यमिक शाळेत शिकलेले. पोर्तुगीज अस्खलित आणि संस्कृतही उत्तम. सुटा शब्द पाठ करा, असे ते कधी म्हणत नसत. आरंभीची अक्षरे जुळणारे शब्द फळ्यावर एकाखाली एक मांडायचे आणि अर्थ आमच्याकडून काढून घ्यायचे. इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. तिन्हींत नकाराचा ‘इन्’च आहे, पुढच्या अक्षराच्या संगतीने त्यातला ‘न’ बदलला. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो ना, तसेच हे, असे सरांनी सांगितले आणि व्याकरणातला संधी मला त्या दिवशी कळला. लॅटिनचा ‘इन्’, इंग्रजीचा ‘अन्’, ग्रीकांचा ‘अन्’ आणि आपल्या अनादि-अनंतातला ‘अन्’ हे सगळे एकाच मुळाचे. आपण व्यंजनापुढे ‘अ’ लावतो, स्वरापुढे ‘अन्’. ग्रीकमध्येही तीच रीत. म्हणून रक्त कमी असण्याला अ‍ॅनिमिया. पोर्तुगीजमध्ये निरक्षराला ‘आनाल्फाबेतु’ म्हणतात, तोही याच घरचा.

पण अक्षरे जुळली म्हणजे अर्थ जुळलाच, असे धरून चालायचे नाही, हेही सरांनीच बजावले. ‘अंकल’मध्ये कसला आलाय नकार? पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. तो ‘इन्’ नकाराचा समजून कोणी जवळ काडी ओढली तर घातच. लॅटिनमध्ये ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणे. हा घोळ टाळायला अमेरिकेत ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा आग्रह धरला गेला.

पुढे मी परिचारिका झाले. इस्पितळातली निम्मी भाषा ग्रीक-लॅटिन, पण मला ती कधी परकी वाटली नाही. ‘हायपो’ म्हणजे खाली, आपल्या ‘उप’चा सख्खा, ‘हायपर’ म्हणजे वर, आपला ‘उपरि’. रक्तातली साखर उतरली तर हायपोग्लायसेमिया, चढली तर हायपरग्लायसेमिया. एकाला तातडीने साखर द्यायची, दुसऱ्याला बहुधा इन्सुलिन लागते. दोन्ही शब्द ऐकायला इतके जवळचे की घाईत गफलत झाली तर उपचारच उलटा व्हायचा. नव्या मुली वॉर्डात आल्या की मी आधी ही जोडी समजावते, अगदी सरांच्या पद्धतीने, ‘उप’ आणि ‘उपरि’ सांगून.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेकडे एकच मागणे आहे. सरांसारखे शब्दांचे तक्ते पाचवीच्या वर्गात लावावेत, मराठी-कोकणी शब्द शेजारी लिहून. ते लिहून द्यायला मी केव्हाही येईन.