मरिना घरी ठेवून सावर्ड्याला

आमची टाटा इंडिगो मरिना, म्हणजे लांब डिकीची स्टेशन वॅगन, २००६ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून नोंदणी आणखी पाच वर्षं वाढवून घेतली होती, ती २०२६ला संपते. म्हणून यंदा एसयूव्ही घेतली. नाव मुद्दाम देत नाही. ४.३ मीटर लांब, दीड लिटर पेट्रोल, शेजाऱ्यांकडे असते तशीच. ठाण्यातल्या आमच्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे आणि त्यात ती उंचीमुळे बसत नाही. हे गाडी दारात आल्यावर कळलं, तुम्ही आधी मोजा.

स्टेशन वॅगन आपल्याकडे कधी रुजलीच नाही. १९९२ची टाटा इस्टेट, पुढे बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी, मरिना. आल्या आणि गेल्या. लोक ‘लांब डिकीची गाडी’ म्हणायचे आणि घरात लग्न निघालं की हक्काने मागून न्यायचे. बाबांचं म्हणणं, नवी गाडी हे काम करणार नाही. बायकोचं म्हणणं, वर्षातून दोनदा पोती वाहायला कोणी गाडी घेतं का? श्रावणात कोकणात सावर्ड्याजवळच्या गावी घर साफ करायला जायचं होतंच. म्हटलं, बघूया.

निघायच्या आदल्या रात्रीच पहिला धडा मिळाला. वीस लिटर डिस्टेंपरच्या दोन बादल्या न्यायच्या होत्या. मरिनाच्या डिकीचा उंबरठा गुडघ्याच्या जरा वर, बादली टेकवली आणि ढकलली की झालं. नवीचा उंबरठा जवळजवळ कमरेशी, आणि तो ओलांडला की आत पुन्हा खोल तळ. म्हणजे बादली आधी उचला, मग वाकून खाली सोडा. दुसऱ्या बादलीला पाठीने नाही म्हटलं, वॉचमनला हाक मारली. डिकी किती लिटरची, हे माहितीपत्रकात छापलेलं असतं. तो आकडा सहसा मागच्या सीटमागे झाकणासारखा ट्रे असतो, तिथपर्यंतचा असतो. ट्रे काढून छतापर्यंत रचता येतं, पण मग आरशात फक्त गाठोडी दिसतात. शोरूमला जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग घेऊन जा आणि स्वतः चढवून बघा. सेल्समन हसेल, हसू दे.

पहाटे साडेचारला निघालो. पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं, म्हणून मुंब्रा बायपासने शिळफाटा, कळंबोली, पळस्पे. ट्रक असतात, पण त्या वेळी सरकत असतात. माणगाव आठच्या आत मागे टाकायचं हा आमचा जुना नियम. गणपतीत जाणार असाल तर आणखी लवकर निघा, बाजारपेठेतून एकदा रांग लागली की लागलीच.

आमचा नियम मोडला नागोठण्याच्या अलीकडे. मागचं चाक पंक्चर, वर पाऊस, आणि स्टेपनी डिकीच्या तळाखाली. म्हणजे बादल्या, ताडपत्री, गणपतीच्या मखराचे पाइप, आईची फराळाची पिशवी, सगळं रस्त्याच्या कडेला. स्टेपनी बाहेर काढली तर ती बारीक निघाली, वर पिवळ्या स्टिकरवर ८०ची वेगमर्यादा. हल्ली बऱ्याच गाड्यांना अशीच देतात. त्यामुळे जॅक, पाना आणि हवेचा छोटा पंप सीटखाली ठेवा, डिकीत नको. भरल्या गाडीची हवा वेगळी असते, तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. मी निघताना तो बघितलाच नव्हता.

पुढे मात्र गाडीने मन जिंकलं. खड्ड्यांत मागे बसलेल्यांचे हाल कमी झाले, आणि कशेडीचा घाट आता जवळजवळ दोन किलोमीटरच्या बोगद्यातून चहा निवायच्या आत संपतो. खरा फरक शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला पडला. आमच्या वाडीचा रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. मरिना कायम देवळापाशी ठेवून सामान डोक्यावरून न्यावं लागायचं. ही थेट अंगणात गेली. तरी मधे एकदा पोट घासलंच. जीएसटीच्या व्याख्येत एसयूव्हीला जमिनीपासून १७० मिलिमीटर उंची लागते, पण ती रिकाम्या गाडीची, असं २०२३ मध्ये स्पष्ट केलं गेलं. पाच माणसं आणि दोन बादल्या बसल्यावर तेवढी राहत नाही.

आईचे गुडघे ७२ वर्षांचे. मरिनात ती खाली ‘पडायची’ आणि उतरताना हाताला धरून ओढावं लागायचं. इथे चढायला उंच, म्हणून तिने मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल बरोबर घेतलं. त्यावर पाय, मग सीट, खुर्चीत बसल्यासारखी. उतरताना म्हणाली, “अगदी एसटीत बसल्यासारखं दिसतं रे बाहेरचं.” माझ्या लेखी एसयूव्हीचा निकाल तिथेच लागला. ही उंची माणसांच्या कामाची, सामानाच्या नाही.

येताना बाबांनी माळ्यावरून झोपाळ्याचा पाट काढला. सागवानी, साडेपाच फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. “मरिनाच्या टपावर सहज गेला असता,” बाबा म्हणाले. तेही खोटं नाही. तिचा टप ठेंगणा, लोखंडी कॅरिअरला जमिनीवर उभं राहून दोर बांधता यायचा. नव्या गाडीच्या टपावरच्या दांड्या नुसत्या शोभेच्या, पुस्तिकेत वजन लादू नका असं स्पष्ट लिहिलंय. घेण्याआधी ते पान वाचा. मागची अर्धी सीट पाडली तर तळाला मधेच पायरी. शेवटी गोधडीत गुंडाळून पाट कडेवर उभा केला, तेव्हा कुठे दार लागलं. फक्त एक माणूस जास्त झालं.

बायकोने तेवढ्यात मोबाइलवर तत्काळमध्ये चिपळूण ते ठाणे मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंसुद्धा. फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. आम्ही कोलाडला चहाला थांबलो तेव्हा तिचा फोन आला, “कटलेट खातेय. पाटाला बेल्ट लावलायत ना?”