सपाट माथ्याचा वक्र

रात्रीचे दोन वाजले होते. समुद्रात सोडून शैवालाची चमक मोजणारं आमचं यंत्र नुकतंच जहाजाच्या डेकवर परत आलं होतं, त्यावरचं खारं पाणी अजून निथळत होतं आणि लॅबमधल्या स्क्रीनवर आकडा दिसत होता: ६५ मीटरला ०.३१. वर २० मीटरला तोच आकडा ०.५२ होता.

हा आकडा म्हणजे एफव्ही/एफएम. पाण्यातल्या सूक्ष्म शैवालावर निळ्या प्रकाशाचा झोत टाकला की त्यातलं क्लोरोफिल लालसर प्रकाश परत फेकतं, साधारण ६८२ नॅनोमीटरच्या आसपास. अंधारातून आलेल्या पेशीचा हा प्रकाश सुरुवातीला कमी असतो, तो एफओ. झोताने प्रकाशसंश्लेषणाची केंद्रं भरत जातात तसा तो चढतो आणि सगळी केंद्रं भरली की एका पातळीवर टेकतो, तो एफएम. दोन्हींमधल्या फरकाला एफएमने भागायचं. धडधाकट शैवालात उत्तर ०.६ च्या पुढेही जातं. ०.३१ म्हणजे शैवाल उपाशी आहे, पोषकद्रव्य कमी पडतंय, असंच कोणीही म्हणेल. आमच्या मुख्य शास्त्रज्ञ मॅडम वहीत तसं लिहायलाही लागल्या होत्या.

मला खटकलं ते एवढंच, की ६५ मीटरलाच क्लोरोफिल सगळ्यात जास्त होतं. उपाशी माणसांची एवढी गर्दी?

सरासरी काढलेला वक्र उघडला तर तो छान गोलसर, काही संशय येऊ नये असा. मग मी सरासरीआधीच्या एकेका फ्लॅशमाळेचे वक्र उघडले. आमच्या प्रोटोकॉलमध्ये एका माळेत १०० छोटे फ्लॅश होते, दर दोन मायक्रोसेकंदांनी एक, म्हणजे सगळा खेळ २०० मायक्रोसेकंदांचा. जिवंत वक्र माथ्यावर पोचला तरी थोडा थरथरतो, कारण डिटेक्टरचा गोंगाट काही थांबत नाही. इथे मात्र बऱ्याच माळा एका उंचीवर जाऊन पट्टीने रेघ मारावी तशा सरळ झाल्या होत्या. थरथर नावालाही नाही. काही माळा त्या रेषेच्या जरा खाली राहिल्या होत्या. सगळ्यांची सरासरी काढली की कोपरा घासून गोल व्हायचा, आणि आम्ही फक्त सरासरी बघत होतो.

डिटेक्टर छताला टेकला होता, म्हणजे त्याला मोजता येईल त्याहून जास्त प्रकाश येत होता. एफओ खाली असल्यामुळे सुखरूप, एफएमचा शेंडा मात्र छाटलेला. वजाबाकी करून भागायला गेलं की उत्तर आपोआप खाली येतं. खरा एफएम १ आणि एफओ ०.४८ असेल तर उत्तर ०.५२, तोच एफएम ०.७० ला छाटला की ०.३१. कागदावर हे मांडलं तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग प्रकाश कमी करा," त्या म्हणाल्या.

मीही तेच केलं आणि फसलो. एलईडीची तीव्रता निम्मी केली, यंत्र पुन्हा सोडलं. छाटणी गेली, आकडा ०.३८. कारण आता शंभरावा फ्लॅश पडला तरी वक्र चढतच होता. केंद्रं भरायच्या आधीच प्रकाश संपत होता, म्हणजे एफएम पुन्हा तोकडा. कारण अगदी उलटं, चूक मात्र दिसायला तीच. समीकरण बसवून पुढचा माथा अंदाजाने काढता येतो, पण अर्ध्या चढावरून काढलेल्या माथ्यावर माझा तरी विश्वास नाही.

तेव्हा एलईडी पूर्ववत केली आणि हात लावला तो डिटेक्टरमधल्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबच्या व्होल्टेजला. हे बटण जपून फिरवायचं असतं. ट्यूबमध्ये एकामागून एक टप्प्यांवर इलेक्ट्रॉन वाढत जातात, त्यामुळे व्होल्टेज दहा टक्के कमी केलं की सिग्नल जवळपास निम्म्यावर येतो. मी तेवढंच केलं. आपोआप बदलणारा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण, बंद ठेवला, कारण खाली जाताना मध्येच गेनने उडी मारली तर आधीचे आणि नंतरचे एफओ एकमेकांशी ताडून पाहणं डोकेदुखी होते.

याची किंमत खालच्या पाण्यात मोजावी लागली. १२० मीटरला शैवाल विरळ, सिग्नल आता आणखी दुबळा, वक्र नुसता कुरकुरीत. उपाय एकच, जास्त माळांची सरासरी. चौपट माळा घेतल्या की गोंगाट निम्मा होतो, पण वेळही चौपट. प्रत्येक खोलीवर दोन मिनिटं थांबायचं ठरलं. विंचवरचा गडी म्हणाला, "साहेब, रात्र इथेच काढायची का?" बोलणार काय, तसंच होतं.

ब्लँकही, म्हणजे शैवाल नसलेल्या पाण्याची मोजणीही, नव्याने करावी लागली. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं त्याच खोलीचं पाणी, त्याच नव्या व्होल्टेजवर. पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्यही थोडं चमकतं आणि ती चमक एफओ-एफएम दोन्हींत मिसळते. वजा केली नाही तर गुणोत्तर तिथेही घसरतं. जुन्या व्होल्टेजवरचा ब्लँक इथे तसाच वापरणं म्हणजे वेगळ्या तराजूवरचं वजन वजा करणं.

उजाडायच्या थोडं आधी ६५ मीटरचा नवा वक्र आला. ब्लँक वजा करण्याआधी ०.४७, नंतर ०.५१. माथा गोल, थरथरता.

मॅडमनी "उपाशी" खोडलं. मग आधीच्या तीन स्टेशनांच्या, म्हणजे जहाज थांबवून मोजणी केलेल्या ठिकाणांच्या, फायली मागितल्या. तीच सेटिंग, तोच सपाट माथा, ५५ ते ८० मीटरच्या पट्ट्यात. छाटलेला भाग कुठून परत आणणार? आणि जहाज मागे वळणार नव्हतं. एफओ राहू दिला, आणि त्या पट्ट्यात एफएमचा रकाना रिकामा ठेवून फायली बंद केल्या.