एका तळ्याचे दोन थर: इंटरट्रॅपियन चर्ट आणि मातीवरचं काम, आतापर्यंत

सध्याची स्थिती: चर्टच्या (सिलिकाचा घट्ट, बारीक दाण्यांचा खडक) एका गोट्याचे, उजेड आरपार जाईल इतके पातळ तीन काप घासून झालेत, चौथा काचपट्टीवर चिकटवून घासायला घेतलाय. त्या चर्टच्या ४० सें.मी. वरच्या राखाडी-हिरव्या मातीच्या एकेक किलोच्या तीन पिशव्यांपैकी एक धुऊन, वाळवून, निवडून झाली.

माल नागपूर–छिंदवाडा पट्ट्यातला. दख्खनच्या दोन लाव्हाथरांमधल्या शांत काळात खड्ड्यांत पाणी साठलं, तळी झाली, गाळ बसला आणि पुढच्या लाव्ह्याने तो झाकला. अशा थराला इंटरट्रॅपियन म्हणतात. काळ साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. रेव्हरंड हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूरजवळच्या अशा थरांचं वर्णन १८५५ मध्ये छापलं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या चर्टमधल्या फळाफुलांवर पुढे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी काम केलं. म्हणजे जागा नवी नाही. घरी, थोड्या साधनांत, त्यातलं किती वाचता येतं ते पाहणं एवढाच हेतू.

उचलण्याआधी

माल शेताच्या मालकाला विचारून, खणलेल्या विहिरीच्या कडेचा आहे. जीवाश्म उद्यानं आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं इथून खडासुद्धा उचलायचा नाही. दिंडोरी जिल्ह्यातलं घुघुआ असो की सिरोंच्याजवळचं वडधम, तिथे फक्त फोटो.

गोटा थरातून सोडवायच्या आधी त्यावर पांढऱ्या रंगाने वरच्या दिशेचा बाण काढायचा. थराच्या तळापासूनची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची आणि पट्टी ठेवून फोटो घ्यायचा. हा बाण पुढे सगळ्यात जास्त कामाला आला. बांधावर सुटा पडलेला दगड कितीही देखणा असला तरी त्याला बाण नसतो. तो सरावाच्या कापाला ठेवावा. क्रमांक थेट दगडावर लिहू नये. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक कृत्रिम राळ) चा एक ठिपका द्यायचा, वाळला की त्यावर काळ्या शाईने लिहायचं. अ‍ॅसिटोनने तो कधीही काढता येतो. सुतारी पांढरा गोंद मात्र पिवळा पडतो आणि पुढे निघता निघत नाही.

चर्ट आणि शिंपले एकत्र का नीट टिकत नाहीत

बेसॉल्ट झिजताना पाण्यात सिलिका सुटते. पाणी चांगलं अल्कधर्मी, म्हणजे पीएच ९ च्या वर असेल, तर ती भरपूर विरघळलेली राहते. कुजणाऱ्या लाकडा-मुळांभोवती पीएच खाली येतो आणि सिलिका तिथेच बसते. पेशीभित्तीतल्या सेल्युलोज आणि लिग्निनला ती चिकटते, मग पोकळ्या भरते. आधी ओपल, पुढे कॅल्सेडनी, शेवटी क्वार्ट्झ, ही सगळी सिलिकाचीच रूपं. पेशीचा साचा जसाच्या तसा राहतो.

पण पीएच खाली आला की चुन्याचं कवच विरघळू लागतं. ज्या बदलाने वनस्पती टिकते त्यानेच गोगलगाईचं कवच जातं. आमच्या गोट्यात तीन गोगलगाई दिसतात आणि तिन्हींचं कवच गेलेलं आहे. आतल्या पोकळीत क्वार्ट्झचे दाणे भरलेत. उलट चुनखडीयुक्त मातीत कवचं शाबूत राहतात आणि पानं-मुळं कुजून जातात. चर्ट वाचून ‘तळ्यात प्राणी कमी होते’ म्हणणं आणि माती वाचून ‘झाडं नव्हती’ म्हणणं, दोन्ही सारखंच चुकीचं. काय सापडलं ते लिहिण्याआधी हा खडक काय टिकवू शकत नाही, याची यादी वहीत करून ठेवलीय.

काप

१. सलग कडेचं चार इंची डायमंड ब्लेड, पाण्याची धार चालू, ५ मि.मी. जाडीची चकती. ब्लेडच दीड-दोन मि.मी. दगड खातं, तेव्हा छोट्या गोट्यात किती काप बसतील ते आधी मोजा. कोरडं कापणं पूर्ण बंद: सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते ती कायमची. ओलं कापतानाही एन-९५ मास्क. चिखल बेसिनमध्ये ओतू नका, पाइपमध्ये दगड होऊन बसतो. बादलीत निवळू द्या.

२. चकतीतून २० × ३० मि.मी.चा तुकडा. एक बाजू ८ मि.मी. जाड काचेवर कार्बोरंडम पावडरीने घासायची: २२०, ४००, ६००, १००० (आकडा मोठा, तितकी पावडर बारीक). दुर्बिणीचा आरसा घासलेल्यांना हे हातवारे सांगायला नकोत. दर पायरीला इंग्रजी आठच्या आकड्यात पाच-सात मिनिटं, मध्ये टूथब्रशने धुणं, प्रत्येक पावडरीला वेगळी बादली. २२० चा एक कण १००० च्या काचेवर आला की अर्ध्या तासाचं काम मागे जातं. सपाटपणा तपासायला पृष्ठभागावर पेन्सिलीच्या जाळीरेषा काढा आणि थोडं घासा. रेषा राहतील तिथे खोलगट आहे.

३. तुकडा ६० अंशांवर दोन तास सुकवा. चर्ट दिसायला घट्ट, पण बारीक छिद्रांत पाणी धरतो. ते राहिलं तर इपॉक्सीखाली दुधाळ डाग येतात. आमचा पहिला काप यातच गेला.

४. काचपट्टीही ६०० ने घासून खरखरीत करा, नाहीतर पुढे काप अख्खा सोलून निघतो. इपॉक्सी चोवीस तासांत घट्ट होणारं घ्या. पाच मिनिटांतलं घाईत बुडबुडे धरतं आणि घासताना गरम झालं की मऊ पडतं. काचपट्टी आणि इपॉक्सी आधी कोमट करा, तुकडा एका कडेने टेकवत खाली आणा, वर बटर पेपर आणि अर्धा किलो वजन.

५. आता दुसरी बाजू. ट्रिम-सॉ (दगड पातळ कापायची छोटी करवत) नसेल तर टाइल कटरने जाडी १ मि.मी.च्या खाली आणायचा मोह टाळा; काच तडकते. २२० वर हाताने उतरवा, वेळ लागू द्या. कडा आधी झिजतात, म्हणून कापाच्या चार कोपऱ्यांना त्याच चर्टचे चार छोटे तुकडे चिकटवले. दुसऱ्या कापापासून कडा वाचल्या त्या यामुळे. एक बाजू जाड राहिली तर बोटाचा दाब त्या बाजूला.

जाडी कळायला मायक्रोमीटर लागत नाही. जुन्या एलसीडी पडद्यातल्या पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे एकमेकांना काटकोनात धरून मध्ये काप ठेवायचा. पोकळीतल्या क्वार्ट्झच्या जाड दाण्यांकडे पाहा, कॅल्सेडनीकडे नको. आणि त्यातला सर्वात उजळ रंग धरा. निळा-जांभळा दिसला तर जाडी ६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) वर. पिवळा-केशरी म्हणजे ४५–५०. राखाडी-पांढरा म्हणजे ३०.

भूशास्त्राची पुस्तकं ३० सांगतात. अश्मीभूत वनस्पतीला आम्ही ४५ वर थांबतो. पेशीभित्तीत उरलेल्या सेंद्रिय तपकिरी रंगावरच सगळं दिसतं. ३० ला तो इतका फिका होतो की मूळ आणि आजूबाजूचा चर्ट वेगळा ओळखू येत नाही. तिसरा काप जरा जास्तच उतरला आणि त्यातलं अर्धं चित्र गेलं.

६. झाकणकाच लगेच लावू नका. लवंग तेलाचा थेंब टाकला की घासलेल्या पृष्ठभागाचा पांढुरकेपणा जातो, कारण त्याचा अपवर्तनांक कॅल्सेडनीच्या जवळ आहे. पाहून झालं की पुसून पुन्हा घासता येतं.

पोकळ्या असलेल्या गोट्यात घासताना क्वार्ट्झचे दाणे उपटून निघतात आणि बाकीचा काप ओरखडतात. अशा चकतीत आधी पातळ इपॉक्सी भरून घ्यावं.

सिलिका आम्लाने कोरून, वर अ‍ॅसिटेटची पातळ फिल्म चिकटवून ठशाची ‘साल’ काढायची पद्धत बरेच जण विचारतात. चुन्याच्या खडकाला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल चालतं. चर्टला हायड्रोफ्लुओरिक लागतं. ते कातडीतून आत जाऊन रक्तातल्या कॅल्शियमला धरतं, आणि सौम्य असेल तर दुखायलाही तासांनी सुरुवात होते. घरी नाही. विषय संपला.

कापात काय दिसलं

पहिला धरण्याजोगा आडवा काप: गोल छेद, मधोमध संवहनी (पाणी-अन्न वाहणारा) भाग आणि भोवती मोठ्या हवापोकळ्यांचं चाकाच्या आऱ्यांसारखं जाळं. ताडवर्गीय झाडाची मुळं. अशा अश्मीभूत मुळांना रायझोपाल्मॉक्सिलॉन हे वंशनाम वापरतात. जातीपर्यंत जायची घाई नाही. हवापोकळ्या म्हणजे मुळं पाणथळ, प्राणवायू कमी असलेल्या चिखलात होती.

उभ्या कापात बाण कामाला आला. सात मुळांपैकी सहा थराला जवळपास काटकोनात खाली जातात आणि बारीक फाटे जागेवर आहेत. वाहून आलेली मुळं आडवी, एका दिशेला लागलेली आणि फाटे तुटलेली असतात. तेव्हा ही झाडं इथेच, काठाच्या चिखलात उभी होती, असं मानायला जागा आहे. सातवं मूळ आडवं आहे. त्याच्या भित्ती विरघळल्यासारख्या दिसतात आणि आत बुरशीचे धागे आहेत. ते सिलिका पोचण्याआधीच मेलेलं असावं. कुजणं आणि अश्मीभवन यांची शर्यत एकाच कापात इतकी स्पष्ट क्वचित दिसते.

वाढीची वलयं यात शोधू नका, ताडाला ती खोडातही नसतात. ऋतुमानासाठी द्विदल झाडाचं खोड हवं, तेही बऱ्याच नमुन्यांत.

मोहगाव कलानला निपा पामची फळंही नोंदलेली आहेत. आजचा निपा खाडीच्या मचूळ पाण्यात, सुंदरबनसारख्या जागी वाढतो. म्हणून ‘पाम सापडला, गोडं पाणी’ असं लिहिणं चुकीचं. पाण्याचा निकाल मातीतल्या कवचांनी द्यायचा.

माती

दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीवर वेळ घालवू नका, ती बहुतेकदा रिकामी असते. राखाडी-हिरवी, आम्ल टाकलं की फसफसणारी माती घ्या. आम्ल फक्त चाचणीपुरतं, नमुन्यावर कधीच नाही.

एक किलो माती सुपारीएवढे खडे करून कडक उन्हात तीन दिवस. आत ओल राहिली तर पुढची पायरी चालतच नाही. मग रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन खडे बुडेपर्यंत ओतून एक तास. रॉकेल मिळालं तर तेही चालतं. नंतर ते ओतून गाळून ठेवायचं (पुन्हा वापरता येतं) आणि खड्यांवर पाणी. पाणी छिद्रांतल्या तेलाला हटवत आत शिरतं आणि खडा डोळ्यांदेखत फुलून ढासळतो. उरलेल्या गाठींना लिटरमागे २० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर. सगळं उघड्यावर, विस्तव लांब.

चाळण्या ५०० , १२५ आणि ६३ मायक्रॉनच्या. हाताने चोळू नका, ऑस्ट्राकॉडच्या (दोन झडपांच्या कवचातले चिमुकले जलचर) झडपा चुरतात. शॉवरची मंद धार पुरते. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवा. आधीच्या नमुन्यातला अडकलेला दाणा पुढच्यात आला तर निळा दिसतो आणि बाजूला काढता येतो. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी उपाय या कामात दुसरा नाही.

निवडायला काळ्या कागदाची चौकटी ताटली, २०–४० पट स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि ओलसर ००० नंबरचा ब्रश. सुंदर दिसेल ते आधी उचलायची सवय सोडा. ढीग करून चार भाग पाडायचे, एक भाग घ्यायचा आणि त्यातले पहिले ३०० सगळे मोजायचे, मोडके धरून. आजच्या गोगलगाई भेगांतून आत येतात. त्यांच्यावर चकाकी आणि पातळ तपकिरी पापुद्रा असतो.

पहिल्या पिशवीत: ऑस्ट्राकॉड सर्वात जास्त, मग काराच्या (एक पाणशेवाळ) बीजकोशांची गोल, पाच पट्ट्यांची पिळदार चुनखडी कवचं, फायसा प्रकारच्या गोगलगाई, थोडे माशांचे खवले. फायसा ओळखायला सोपी: टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं. ती हवेत श्वास घेते, त्यामुळे कमी प्राणवायूच्या उथळ पाण्यातही निभते. कारा मात्र उजेड पोचणाऱ्या स्वच्छ, चुनखडीयुक्त पाण्याची खूण. ऑस्ट्राकॉडमध्ये प्रौढांबरोबर लहान टप्प्यांची टाकलेली कवचंही आहेत. प्रवाहाने आणले असते तर एकाच मापाचे उरले असते. ते इथेच वाढले. दोन्ही झडपा जुळलेल्यांचं प्रमाण मात्र कमी, म्हणजे गाळ सावकाश बसत होता.

चर्टच्या पातळीला काठाचा चिखल, ४० सें.मी. वर उघडं, उथळ, उजेडाचं गोडं पाणी. तळं पसरलं की काठ सरकला, ते एका जागेवरून ठरत नाही. विहिरीच्या दुसऱ्या बाजूचा नमुना लागेल.

धुणं कंटाळवाणं वाटतं त्यांच्यासाठी: तेलंगणातल्या नस्कलच्या इंटरट्रॅपियन थरातले डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी या चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात, ज्याचं नाव १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं, चाळणीवरच सापडले. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या अश्मीभूत शेणात गवताचे सिलिकाकण मिळाले (२००५), तेव्हा डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे कळलं. ते थर दख्खनच्या लाव्ह्याखालचे, लॅमेटाचे.

बाकी

चौथा काप २२० वर ०.३ मि.मी.पर्यंत आलाय, ४५ मायक्रॉनला थांबायचं आहे, रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त घासायचं नाही. दुसऱ्या पिशवीत खवले ६३ च्या चाळणीतून निसटतात का ते पाहायचं, म्हणून निघालेलं पाणी बादलीत धरून ठेवलंय. विहिरीच्या पश्चिम बाजूचा चर्ट बाणासकट उचलून आणला की दोन बाजूंच्या मुळांची दिशा मोजू.