पहिल्या गाडीला चाकोरी नसते

आमच्या मळ्यात जायला मोहाडीच्या डांबरी रस्त्यापासून आत दोन-सव्वादोन किलोमीटर मुरमाची वाट आहे. द्राक्षाच्या हंगामात पहाटे सगळ्यांत आधी जो पिकअप आत शिरतो, त्याचे हाल होतात. वर पसरलेली बारीक खडी चाकाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखी सरकते, ब्रेक मारला तरी गाडी दोन हात पुढे जाऊनच थांबते. तिसऱ्या-चौथ्या पिकअपला मात्र खडी बाजूला सारलेल्या दोन स्वच्छ चाकोऱ्या मिळतात. खालचा घट्ट मुरूम लागतो आणि तो बिनधास्त निघून जातो. हे मला लहानपणापासून माहीत. पण जागतिक रॅली स्पर्धेचं अख्खं वर्ष याच गोष्टीवर फिरतं, हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

माझं पंचवटीत सस्पेन्शन आणि व्हील अलाइनमेंटचं छोटं गॅरेज आहे. बाग थोरले दादा बघतात, मी रविवारी जातो. रॅलीचं वेड मला नाशिकनंच लावलं. इथे ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ व्हायची, ती बघायला मी एका बांधावर उभा होतो. आधी आवाज आला, मग फुफाट्याचा लोट आणि मग वळणावर गाडी आडवी होऊनच समोर आली. बाकीचे ड्रायव्हरकडे बघत होते, मी मागच्या चाकाकडे. चाक खड्ड्यात पार तळाला गेलं, वर आलं आणि तिथेच बसलं. दुसरी उसळी नाही. रोज लोकांचे गळके शॉकअॅब्सॉर्बर काढणाऱ्या माणसाला ते बघून काय वाटलं असेल, ते शब्दांत सांगता येत नाही. पुढे २०१९ मध्ये गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधल्या खेळाडूला मिळालेला पहिला. त्या दिवशी गॅरेजात पेढे वाटले.

मला लिहायचंय ते २०२४ च्या हंगामाबद्दल, आणि त्यातही ह्युंदाईचा ड्रायव्हर थियरी नूव्हिल याच्याबद्दल.

त्या वर्षी तेरा रॅली झाल्या. जानेवारीत माँटे कार्लोच्या बर्फाळ डांबरावर सुरुवात, नोव्हेंबरात जपानमध्ये शेवट. मधल्या आठ मातीवरच्या: केनिया, पोर्तुगाल, सार्डिनिया, पोलंड, लॅटव्हिया, फिनलंड, ग्रीस आणि चिली. मातीवर नियम असा, की शुक्रवारी ज्याचे वर्षभराचे गुण सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी निघणार. म्हणजे पहाटेचा पहिला पिकअप तोच. मागच्यांसाठी खडी झाडून द्यायची, आणि तरीही घड्याळात त्यांच्याशीच झुंजायचं. शनिवार-रविवारी रॅलीतला क्रम उलटा करून सोडतात, पण शुक्रवारी गेलेले सेकंद परत कुणी देत नाही.

नूव्हिलनं माँटे कार्लो जिंकली, तीसपैकी तीस गुण घेतले, आणि तिथूनच त्याच्या हातात झाडू आला. मिळालेली आघाडी त्यानं वर्षभर सोडली नाही, म्हणजे झाडूही सुटला नाही. टोयोटाचा काले रोव्हानपेरा त्या वर्षी मोजक्याच रॅली खेळत होता, त्यामुळे मागून निघून स्वच्छ चाकोरीत चार रॅली जिंकला. त्याची गुणवत्ता मोठीच आहे, बावीस वर्षं आणि एक दिवसाचा असताना तो जगज्जेता झाला होता. पण मातीवर पहिला निघून आठ-आठ महिने आघाडी राखणं हे काम मला जास्त मोठं वाटतं. सप्टेंबरात ग्रीसच्या दगडधोंड्यांत नूव्हिल पहिला निघाला आणि जिंकलासुद्धा. तिथले दगड बघून मला आपल्या माळावरचा काळा खडक आठवतो. लोअर आर्म वाकायला एक पुरतो.

गुणांची पद्धत मात्र मला पटली नाही. शनिवारच्या क्रमाचे वेगळे गुण, रविवारचे वेगळे, शेवटच्या टप्प्याचे आणखी वेगळे. स्वीडनमध्ये लापी पहिला आला तर त्याला १९ गुण, आणि दुसऱ्या आलेल्या एव्हन्सला २४! पुढच्या वर्षी ती बदलली, बरंच झालं.

नूव्हिलवर माझा जीव जडला तो मात्र दहा वर्षं आधीच, २०१४ च्या जर्मनीच्या रॅलीत. मोझेल नदीकाठी चढावर द्राक्षाच्या बागा आहेत, त्यांच्यामधून अरुंद डांबरी रस्ते जातात. गुरुवारच्या सरावात त्याची गाडी रस्ता सोडून उतारावरच्या बागेत कोलांट्या खात खाली गेली. व्हिडिओ बघताना आधी त्याच्यासाठी आणि शेजारी बसून वळणं वाचणाऱ्या जोडीदारासाठी काळजात चर्र झालं. ते सुखरूप बाहेर आल्यावर दुसऱ्यांदा बघितला, तेव्हा माझी नजर वेलींवर गेली. खांब, तारा, आणि ओळच्या ओळ आडवी. एक खांब जमिनीतून उपटला गेला की मागची तार ढिली पडते, मग सगळी ओळ झुकते, हे मला माहीत आहे. त्या शेतकऱ्याला काय वाटलं असेल, हा विचार मला आजही येतो.

मेकॅनिकांनी रात्रभर खपून ती चेपलेली गाडी पुन्हा उभी केली, आणि रविवारी तीच गाडी पहिली आली. ह्युंदाईचा जागतिक रॅलीतला तो पहिला विजय. एवढी चेपलेली गाडी सरळ करून चारही चाकांचे कोन पुन्हा जुळवायचे, तेही रात्रीतून! मला एका साध्या कारला त्यासाठी तीन दिवस लागतात. त्या मेकॅनिकांची नावं कुणी घेत नाही, म्हणून निदान इथे त्यांना नमस्कार.

एवढं होऊनही जगज्जेतेपद त्याला मिळत नव्हतं. २०१३, मग २०१६ ते २०१९ सलग चार वर्षं, एकूण पाच वेळा दुसरा. २०१९ च्या ऑक्टोबरात त्याची पाचवी संधी गेली, आणि त्याच दिवसांत अवकाळी पावसानं आमची छाटलेली बाग झोपवली. घड कुजून काडीवरच काळे पडले. दादा तेव्हा एवढंच म्हणाले, “पुढच्या छाटणीला बघू.”

२०२४ चा शेवट आम्ही मळ्यातच पाहिला. शनिवारी, २३ नोव्हेंबरला, विधानसभेची मतमोजणी होती, गावात रात्री उशिरापर्यंत फटाके. बाग फुलोऱ्यात, दादा आभाळाकडे बघून झोपलेले. पहाटे मी आणि पुतणी गोधडी पांघरून मोबाइलसमोर बसलो. नूव्हिलला फक्त सहा गुण हवे होते, पण शुक्रवारी टर्बोनं दगा दिला आणि तो पहिल्या दहांतूनही बाहेर फेकला गेला होता. वरचढ होऊ शकणारा एकटा ओट तानाक, त्याचाच संघसहकारी, रॅलीत पहिला होता.

रविवारच्या पहिल्याच टप्प्यात तानाकची गाडी रस्ता सोडून झाडीत गेली.

पुतणी ओरडली, “काका, झालं! तो जिंकला!” दादा दचकून उठले, त्यांना वाटलं पाऊस आला. मी काहीच बोलू शकलो नाही. बेल्जियमचा पहिला जगज्जेता ड्रायव्हर. शेजारी मार्टाइन वायडागे, वर्षभर त्याला वळणं वाचून दाखवणारा. संघांचं विजेतेपद मात्र टोयोटानं तीन गुणांनी नेलं.

त्याच सकाळी पुतणीनं वही काढली. रॅलीच्या आधी रस्ता दोनदा बघून वळणं लिहून घेतात, तसं आपल्या वाटेचं करायचं म्हणाली. आम्ही पिकअप चालण्याच्या वेगानं नेला. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली: वळण किती आवळलेलं ते आकड्यात, पुढचं अंतर मीटरमध्ये. दुसऱ्या फेरीत तिनं मला वाचून दाखवलं:

“उजवा चार, लांब. पन्नास. चढ, पुढे दिसत नाही, डावीकडे राहा. डावा दोन, आवळत जातो, आत कापू नका, चारी आहे. तीस. पाटाच्या पुलावर सावकाश.”

चारीपाशी मी सवयीनं आत घेत होतो.

“काका, कापू नका म्हटलं ना!”

मी स्टिअरिंग बाहेर ठेवलं. मागून कुणाचा तरी ट्रॅक्टर येत होता, आमच्याच चाकोरीतून.