वजन, चयापचय आणि आयुर्मान: आलेख कुठवर आला

शरीराचं वजन आणि चयापचय (शरीराचा ऊर्जाखर्च) यांवरून आयुर्मान ठरतं का, हे तपासायला घेतलेला सस्तन प्राण्यांचा तक्ता आता आलेख काढण्याइतपत भरला आहे. तीनच रकाने ठेवलेत: प्रौढ वजन, विश्रांतीत दिवसाला लागणारी ऊर्जा आणि नोंदलं गेलेलं कमाल आयुर्मान. सरासरी आयुर्मान मुद्दाम घेतलं नाही; शिकारी, रोगराई, दुष्काळ यांनी ते इतकं हलतं की शरीराच्या घडणीबद्दल त्यातून फारसं कळत नाही. दोन्ही अक्ष लॉग मापनातच हवेत, म्हणजे अक्षावरची प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. 2 ग्रॅमची इट्रस्कन चिचुंद्री आणि 4 टनांचा हत्ती साध्या अक्षावर एकत्र दाखवताच येत नाहीत.

पहिली रेषा क्लायबरची. ऊर्जेचा खर्च वजनाच्या पाऊण घाताने वाढतो, हे मॅक्स क्लायबरने 1932 साली मांडलं. दिवसाला साधारण 70 किलोकॅलरी गुणिले किलोतल्या वजनाचा 0.75 वा घात. या हिशेबाने 20 ग्रॅमच्या उंदराला 3.7 किलोकॅलरी लागतात, 4 टनांच्या हत्तीला 35,000. हत्ती वजनाने 2 लाख पट, खर्चाने जेमतेम साडेनऊ हजार पट! म्हणजे हत्तीच्या एका ग्रॅमला लागणारी ऊर्जा उंदराच्या ग्रॅमच्या एकविसावा हिस्सा. घातांक पाऊण का दोन तृतीयांश, हा वाद जुना आहे आणि मिटलेला नाही. पुढच्या कामाला त्याने अडत नाही.

दुसरी रेषा आयुर्मानाची, आणि मोह इथेच पडतो. ग्रॅममागचा खर्च वजनाबरोबर पाव घाताने उतरतो, आयुर्मान जवळपास तितक्याच घाताने चढतं. दोन्हींचा गुणाकार केला की वजन गळूनच जातं. मॅक्स रुबनरला 1908 मध्ये हेच दिसलं होतं: गिनीपिगपासून घोड्यापर्यंत एक ग्रॅम शरीर आयुष्यभरात साधारण तेवढीच ऊर्जा खर्च करतं, माणूस मात्र सुमारे चौपट. हृदयाचे ठोकेही असेच जुळतात. मिनिटाला 600 ठोके आणि 3 वर्षं जगणारा उंदीर, 30 ठोके आणि 65 वर्षं जगणारा हत्ती: दोघांची बेरीज 100 कोटींच्या आसपास. 1928 साली रेमंड पर्लने यावरच ‘जगण्याचा वेग’ हा सिद्धांत उभा केला. जोरात जळेल ते लवकर विझेल.

आलेख इतका सुबक आला की इथेच थांबावंसं वाटतं. थांबू नका. दोन गोष्टी वजनाबरोबर बदलतात म्हणून त्यांतली एक दुसरीचं कारण ठरत नाही. म्हणून वजनाचा वाटा काढून टाकला आणि काय उरतं ते पाहिलं. सस्तनांसाठी प्रचलित एक समीकरण आहे: अपेक्षित कमाल आयुर्मान म्हणजे 11.6 गुणिले किलोतल्या वजनाचा 0.20 वा घात. प्रत्यक्ष नोंदीला या आकड्याने भागलं.

चिचुंद्री अगदी रेषेवर बसते, गुणोत्तर 1. बोहेड देवमासा 200 वर्षांच्या पुढे जगतो, तरी त्याचं गुणोत्तर 2 च्या आतच, कारण तो मुळातच अवाढव्य. माणूस साडेचार. 35 ग्रॅमचा नेकेड मोल रॅट, बिळात राहणारा बिनकेसाचा उंदरासारखा प्राणी, 37 वर्षं ओलांडतो, म्हणजे सहापट. आणि सायबेरियातलं 7 ग्रॅमचं ब्रँट वटवाघूळ: 41 वर्षं, अपेक्षेच्या नऊपटींहून अधिक!

वटवाघळाचं दीर्घायुष्य शीतनिद्रेमुळे, असं लगेच म्हटलं जातं. निद्रेचा हातभार असेलही. पण रक्तपिपासू वटवाघूळ शीतनिद्रा घेत नाही, आणि तेही बंदिवासात 29 वर्षं जगलं आहे. पक्षी तर या सिद्धांताची पुरती अडचण करतात. तेवढ्याच वजनाच्या सस्तनापेक्षा त्यांचं शरीर गरम, खर्च जास्त, तरी आयुष्य लांब. उडताना मिनिटाला हजारावर ठोके पडणारा हमिंगबर्ड रानात 12 वर्षांचा सापडला आहे. उलट अपोसम या पिशवीवाल्या सस्तनाचं चयापचय मंद, तरी तो चार-पाच वर्षांत म्हातारा होऊन संपतो.

2007 च्या एका विश्लेषणात वजन आणि वंशावळ दोन्हींचा प्रभाव वगळल्यावर पक्ष्यांमध्ये आणि अपरा (गर्भाला पोसणारी वार) असलेल्या सस्तनांमध्ये चयापचय दर आणि आयुर्मान यांचा संबंध उरला नाही. त्याआधी 2004 मध्ये जॉन स्पीकमन यांच्या गटाला एकाच जातीच्या उंदरांत जास्त ऊर्जा जाळणारेच जास्त जगताना आढळले. त्यांच्या मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांतून, प्रोटॉन अधिक गळत होते. अशी गळती घातक ऑक्सिजन-रेणूंची निर्मिती कमी करते, असं एक स्पष्टीकरण आहे. किती जाळलं यापेक्षा कसं जाळलं, हे मला जास्त पटतं. शिवाय पंख किंवा बीळ ज्यांना शिकाऱ्यापासून वाचवतं, त्यांच्यात शरीर दुरुस्त ठेवण्याला उत्क्रांतीत मोल येतं. वर आलेली नावं बहुतेक त्याच गटातली आहेत.

आता पक्ष्यांचा तक्ता वेगळा करतोय. सस्तनांच्या रेषेवर त्यांना मोजणं बरोबर नाही. त्यानंतर कुत्रे. तिथे एकाच प्रजातीत मोठ्या वाणांचे कुत्रे लवकर मरतात, म्हणजे उतार चक्क उलटा येतो. कुणाकडे कुत्र्यांच्या वाणवार वजनाच्या आणि आयुर्मानाच्या खात्रीच्या नोंदी असतील तर हव्या आहेत.